पादऱ्याच्या वाटेवरचं कलाभवन

विभागप्रमुख झाल्यावर सर्वांत आधी हातात पडतो किल्ल्यांचा जुडगा, आणि पाठोपाठ डेड स्टॉक रजिस्टर. कोणत्या साली किती ब्युरेट आले, कोणत्या बॅचने किती फोडले, किप्स अपरेटस कधी तडकलं, कुठलं सामान भंगारात काढायला कोणी मंजुरी दिली, सगळं त्यात. पादरा तालुक्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा विभाग मी बरीच वर्षं चालवला. बडोद्याच्या दांडिया बाजारात घर, एसटीने अटलादरा, समियाला करत पादरा. पोरं मला ‘बेन’ म्हणायची. माझं गुजराती मराठी वळणाचं, त्यांचं चरोतरी-कानमी वळणाचं, आणि पुस्तक इंग्रजी. या तिघांची गाठ घालून सोडियम थायोसल्फेटचं टायट्रेशन शिकवणं हीच माझी नोकरी होती.

बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना काढली आणि आमच्याकडे परिपत्रकांचा पाऊस पडला. स्थानिक गरज ओळखा, जवळच्या उद्योगांशी करार करा, फी कमी ठेवा, शाळा सुटलेल्यांना परत आणा. त्यासोबत अमेरिकेचा दाखला येई: इलिनॉयमधल्या जोलिएट गावात 1901 मध्ये सुरू झालेलं कनिष्ठ महाविद्यालय, आणि आपल्याकडे 1995 मध्ये पुदुच्चेरीत निघालेलं पहिलं कम्युनिटी कॉलेज. मीटिंगमध्ये हे वाचून दाखवलं जात असताना मला हसू आवरेना. जोलिएटच्या अकरा वर्षं आधी, पादऱ्याहून सोळा-सतरा किलोमीटरवर, याच गोष्टी करायला एक माणूस बसला होता. त्याचं नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, आणि त्याच्या विद्यालयाचं नाव कलाभवन.

बडोद्याच्या मराठी घरांत कलाभवन म्हटलं की ‘आमचे आजोबा तिथे होते’ असं सांगणारा एक तरी माणूस भेटतो. आजोबा तिथे नेमकं काय शिकले हे मात्र क्वचितच कोणाला सांगता येतं. म्हणून जरा मागे जाते.

सयाजीराव गायकवाड 1875 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते, आणि अक्षरओळखीपासून सगळं त्यांना बडोद्यात शिकावं लागलं. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, चारही भाषा एकदम. 1881 मध्ये राज्याची सूत्रं हातात आली. राजा मराठी, दरबाराच्या कागदपत्रांत मराठीचा वावर, आणि रयत जवळजवळ सगळी गुजराती. लोकांना शिकवायचं तर त्यांच्या भाषेत, ही गोष्ट त्यांना कोणी पटवून द्यायची गरज नव्हती. आपण स्वतः उशिरा शिकलो याची आठवण असलेला माणूस शिक्षणाकडे वेगळ्या नजरेने बघतो, असं मला वाटतं. माझ्या वर्गात वयाने मोठे, नोकरी करून येणारे विद्यार्थी असत. प्रश्न विचारायला ते लाजत, पण एकदा विचारला की उत्तर मिळेपर्यंत हटत नसत.

गज्जर सुरतेचे, सुतार कुटुंबातले, जन्म 1863 चा. वडील कल्याणदास बांधकामातले आणि शिल्पशास्त्रातले जाणकार. मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाला. घरात हत्यारं, डोक्यात रसायनशास्त्र. त्या काळी ही दोन जगं एकमेकांशी बोलत नव्हती. कॉलेजात शिकलेला कारकून होई, हत्यार धरणाऱ्याला वाचता येत नसे. गज्जरांनी महाराजांपुढे योजना मांडली आणि 1890 च्या जूनमध्ये कलाभवन उघडलं. रंगाई आणि कापडावरची छपाई, चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, बांधकाम असे विषय. गज्जर पहिले प्राचार्य. शिकवायची भाषा गुजराती. त्यासाठी पुस्तकं हवीत, तर ती लिहून घ्यायची: ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही माला त्यासाठीच निघाली. रंगाऱ्यांसाठी ‘रंगरहस्य’ नावाचं नियतकालिकही त्यांनी चालवलं. विभागप्रमुखाला नवा अभ्यासक्रम आखायचा असला की आधी काय लागतं, हे मला ठाऊक आहे: संदर्भ पुस्तक. ते नसलं तर शिक्षक स्वतःच्या वहीवरून शिकवतो आणि शिक्षक बदलला की विषय बदलतो. गज्जरांनी वर्गाच्या जोडीनेच पुस्तकांचा कारखाना काढला, ही मला त्यांची सर्वांत शहाणी चाल वाटते.

रंग हाच विषय का, हे समजायला त्या काळचा बाजार बघावा लागतो. गुजरातचे रंगारी पिढ्यान्‌पिढ्या आल, मंजिष्ठ, नीळ, हरडे, तुरटी यांवर काम करत. 1856 मध्ये लंडनला पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला, 1868 मध्ये जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठातला लाल रंग प्रयोगशाळेत बनवला, आणि 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात उतरली. डबीतले रंग स्वस्त, चटकन चढणारे. पण कोणता रंग सुतावर बसतो, कोणता रेशमावर, कशात तुरटी लागते, कशात आम्ल, हे डबीवर लिहिलेलं नसे, किंवा लिहिलेलं असलं तरी जर्मनमध्ये. रंगाऱ्याचा हात जुना आणि माल नवा. मधली जागा रिकामी होती आणि गज्जरांनी तीच धरली. आता कोणी म्हणेल, या विद्येनेच आपल्या वनस्पती-रंगांचं कंबरडं मोडलं. ते खरंच आहे. पण रंग तर येतच होते. रंगाऱ्याच्या मुलाने ते समजून वापरायचे की न समजता, एवढीच निवड उरली होती.

गज्जर शिक्षक म्हणून कसे होते याचा एक दाखला मराठी वाचकाला घरचा वाटेल. त्र्यंबकेश्वरच्या संस्कृत पंडिताचा मुलगा धुंडिराज फाळके मुंबईला जे. जे. मध्ये शिकून थोरल्या भावाकडे बडोद्याला आला आणि कलाभवनात दाखल झाला. चित्रकला शिकता शिकता कॅमेऱ्याच्या नादी लागला. गज्जरांनी काय करावं? त्याला फोटोचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला मोकळी करून दिली. पुढे रंगीत ठसे बनवण्याचं तंत्र बडोद्यात शिकवायची सोय नव्हती, तर त्याला रतलामला एका जाणकाराकडे पाठवलं. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला त्याचं श्रेय कलाभवनाला द्यावं असं मी म्हणत नाही. फाळक्यांची जिद्द त्यांची होती. मला त्यातलं रतलाम महत्त्वाचं वाटतं. आपल्या विभागात जे नाही ते कुठे आहे हे प्रमुखाला माहीत असणं, आणि विद्यार्थ्याला तिकडे धाडताना आपला एक हुशार मुलगा कमी होतो याचं वाईट न वाटणं. हे करणारे प्रमुख मी फार थोडे पाहिले.

फाळक्यांच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. कारागिरांच्या पोरांसाठी उघडलेल्या दारातून पंडिताचा मुलगा आत आला. असे बरेच आले असणार, कारण फी परवडणं, शिकायला काही वर्षं बिनकमाईची काढता येणं, हे पांढरपेशा घरांना जमत होतं. रंगाऱ्याचा मुलगा दहाव्या वर्षीच बापाच्या हंड्याजवळ उभा राहून चार पैसे मिळवायचा. त्याला तीन वर्षं वर्गात बसवायचं तर घरचं कोण भरून देणार? हा प्रश्न 1890 मध्ये होता आणि माझ्या काळात पादऱ्यालाही होता. भाजीच्या हंगामात आमचा पहिला तास अर्धा रिकामा असे. पादऱ्याचं भाजी मार्केट पहाटे भरतं: तोंडली, परवल, गवार, वांगी, ट्रकच्या ट्रक. मुलं रात्री तोडणी करून पहाटे मार्केटला जात आणि प्रॅक्टिकलला डोळे चोळत येत. हजेरीचा नियम काय म्हणतो ते मला पाठ होतं. पण प्रॅक्टिकलच्या बॅचा मी अशा लावल्या की भाजीवाल्यांची बॅच दुपारची पडे. कागदावर त्याला ‘वर्कलोडचं सुसूत्रीकरण’ म्हणायचं.

गज्जर कलाभवनात फार टिकले नाहीत. त्यांच्या मनात उद्योगाला जोडलेलं विज्ञानाचं मोठं पीठ होतं, दरबारातल्या अधिकाऱ्यांना खर्चाचा हिशेब आणि नोकरीला लागणारी मुलं हवी होती. खटके उडत राहिले आणि 1896 मध्ये ते मुंबईला विल्सन कॉलेजात गेले. मुंबईने त्यांना दुसऱ्याच कारणासाठी ओळखलं. चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं. सरकारी खटपटी हरल्या, आणि तो डाग काढून दाखवला गज्जरांनी. चाफेकरांच्या बाजूने मन ठेवून मोठ्या झालेल्या आमच्यासारख्यांना हे जरा अडचणीचंच. पण डांबर काढणं हा शेवटी रसायनशास्त्राचा प्रश्न होता, आणि डांबरातूनच रंग काढायला शिकवणाऱ्या माणसाला तो सोडवावासा वाटला तर नवल नाही. पिवळे पडलेले मोती पुन्हा शुभ्र करण्याची युक्तीही त्यांनी शोधली आणि मोत्यांच्या व्यापाऱ्यांकडून भरपूर पैसा मिळवला. प्राध्यापकाने पैसे मिळवलेले आपल्याकडे कोणाला आवडत नाहीत. मला आवडले.

मुंबईत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि तिथे पोरं घडवली. त्यांच्या हाताखालून गेलेले भाईलाल अमीन आणि कोटिभास्कर यांनी गज्जरांच्या साथीने 1907 मध्ये अलेंबिक हा औषधांचा कारखाना उभा केला. टिंक्चर आणि अल्कोहोलपासून सुरुवात. बडोद्यातल्या औषध आणि रसायन उद्योगाची वंशावळ लिहायला बसलं तर बोट फिरत फिरत त्या सुतारघराण्यातल्या प्राध्यापकावर येऊन थांबतं. कलाभवनात जे जमलं नाही ते त्याच्या शिष्यांनी कारखान्याच्या रूपाने करून दाखवलं, असंही म्हणता येईल. मी तसं म्हणत नाही. कारखाना शिकवत नाही, तो शिकलेल्याला घेतो. पोरगं घडवायची जागा वेगळीच लागते.

ती जागा गावागावांत कशी न्यायची याचं उत्तर बडोदा राज्याने दुसऱ्या बाजूने शोधलं. 1893 मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं, 1906 मध्ये ते राज्यभर लागू झालं. 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आले आणि वाचनालयांची साखळी उभी राहिली. पद्धत मोठी व्यवहारी होती: गावाने वर्गणी काढायची, तेवढीच भर स्थानिक मंडळाने घालायची, तेवढीच राज्याने. गाव स्वतः पैसा काढत नसेल तर पुस्तकं नाहीत. लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं गावोगाव जात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी जादूच्या दिव्याचे खेळ. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या माणसांनी ही चळवळ वाढवली. पादरा तालुका बडोद्याच्या अंगणातलाच. विश्वामित्रीहून निघणारी गायकवाडांची छोटी गाडी पादऱ्यावरून मोभा, मासर रोडकडे जायची. 1862 मध्ये मियागाम-डभोई रुळांवर बैलांनी गाडी ओढून ज्या राज्याने नॅरोगेज सुरू केली, त्या राज्यात पुस्तकाची पेटी रेल्वेने तालुक्याला पोचणं अवघड नव्हतं. माझ्या पहिल्या वर्षांतले काही विद्यार्थी जंबुसरकडून त्याच छोट्या गाडीने येत. गाडी उशिरा आली की ‘बेन, ट्रेन लेट’ हे कारण मी न विचारता मान्य करी, कारण ती खरोखरच लेट असायची.

1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, हंसा मेहता पहिल्या कुलगुरू, आणि कलाभवन विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनलं. बडोद्यात लोक त्या इमारतीला अजून कलाभवनच म्हणतात, पण आत शिकवण्याची भाषा आता इंग्रजी. विद्यापीठाचं पादऱ्यातही कॉलेज आहे. मोठ्या विद्यापीठाने तालुक्याच्या गावात पाय ठेवावा ही चांगलीच गोष्ट, पण गुजराती शाळेतून बारावी झालेल्या मुलाला इंग्रजी जर्नल लिहिताना जो घाम फुटतो, तो मी वर्षानुवर्षं पाहिला. गज्जर असते तर त्यांनी आधी पुस्तकं लिहायला घेतली असती. आम्ही झेरॉक्स काढल्या.

पण एक प्रॅक्टिकल असं होतं की भाषा मागे पडायची. अ‍ॅझो रंग बनवणं. अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं, बीकर बर्फात ठेवायचा, शून्य ते पाच अंशांत सोडियम नायट्राइट थेंबाथेंबाने सोडायचं. तापमान वर गेलं की नायट्रोजनचे बुडबुडे निघतात, द्रावण तपकिरी होतं आणि सगळं वाया. म्हणून बर्फ लागतो, आणि पादऱ्याच्या उन्हाळ्यात कॉलेजातल्या फ्रिजचा बर्फ पुरत नाही. आमचे लॅब असिस्टंट काका बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली लादी सायकलच्या कॅरियरवर बांधून आणत. ती फोडायचा आवाज आला की शेजारच्या वर्गाचं लक्ष उडे. मग कॉस्टिकमधल्या बीटा-नॅफ्थॉलच्या द्रावणात तो थंड बीकर ओतायचा. क्षणात नारिंगी-लाल गाळ दाटतो. पोरं ‘ओ हो!’ करायची, बोटं रंगवून घ्यायची, मी ओरडायची. रुमालाचा तुकडा बुडवून रंग चढतो का ते बघायचं. एकदा एक मुलगा म्हणाला, ‘बेन, मारा काकानी फेक्टरीमां आ ज थाय छे, पण बर्फ नथी, रिॲक्टरनी फरते ब्राइन फरे छे.’ त्या दिवशी मी फळा त्याच्या हातात दिला. त्याने रिॲक्टरचं जॅकेट काढून दाखवलं, झडपा कुठे, थर्मामीटर कुठे. चित्र वाकडंतिकडं होतं, पण बॅचमधल्या कोणालाही त्यानंतर ‘थंड का ठेवायचं’ हे विचारावं लागलं नाही.

कारखाने हे माझ्या काळातलं पादऱ्याचं मोठं सत्य. तालुक्यातल्या गावांच्या शेतांमधून औषधांचे, रसायनांचे प्लांट उभे राहिले. बडोद्याच्या उद्योगांचं सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा साधारण पंचावन्न किलोमीटरचा कालवा 1983 मध्ये सुरू झाला, तोही पादरा तालुक्यातूनच जातो. पाणी दिसलं की शेतकरी पंप लावतो, आणि या कालव्यालाही पंप लागले. माझ्या वर्गात एका बाकावर त्याच पाण्यावर भाजी घेणाऱ्याचा मुलगा आणि त्याच्या शेजारी कारखान्यात हेल्पर असलेल्याचा मुलगा बसे. कधी कोणी थंड पेयाच्या बाटलीत विहिरीचं लालसर पाणी घेऊन येई. आम्ही क्लोराइड काढायचो, कठीणपणा काढायचो, डायक्रोमेट घालून दोन तास उकळत ठेवून सी.ओ.डी. काढायचो. आकडे जर्नलमध्ये लिहायला लावी. गावाचं नाव नमुन्यासमोर लिहायचं की नाही यावरून विभागात दोन तट पडले. मी लिहायला लावलं. एका कारखान्याच्या अधिकाऱ्याने नंतर मला चहा पाजत सुचवलं की कॉलेजने आपलं काम करावं. मी म्हटलं, तेच करतोय.

याच कारखान्यांकडे मुलांना कामाला लावायला मी हात जोडून जात असे, हेही तितकंच खरं. एकाने सांगितलं, मुलं पाठवा, मुली नकोत, रात्रपाळी असते. माझ्या बॅचमध्ये मुली जास्त आणि ब्युरेट वाचण्यात त्यांचा हात स्थिर. मी प्लांटचा नाद सोडला आणि क्वालिटी कंट्रोलची प्रयोगशाळा धरली: तिथे काम दिवसपाळीचं, आणि एच.पी.एल.सी. यंत्र चालवायला चिकाटी लागते. आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. म्हणून ज्यांच्याकडे होतं त्यांच्या प्रयोगशाळेत शेवटच्या वर्षाची बॅच दुपारी बसवायची परवानगी काढली. फाळक्यांचं रतलाम माझ्या डोक्यात होतं, पण तसं मी कोणाला सांगितलं नाही. मुली कंपनीच्या बसने चौकातून जायला लागल्या तेव्हा पालक स्वतः विचारायला येऊ लागले: बेन, आणखी जागा आहेत का?

आता माझ्या जागेवर माझीच एक विद्यार्थिनी आहे. कारखान्यातल्या हेल्परांसाठी संध्याकाळचा सर्टिफिकेट वर्ग काढायचा तिचा विचार आहे: आम्ल हाताळणं, पी.एच. घेणं, सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीची नोंद ठेवणं. मला फोन करून अभ्यासक्रम वाचून दाखवला, चांगला होता. मी विचारलं, मोभाकडची शेवटची बस किती वाजता? वर्ग सुटायच्या अर्धा तास आधी. बस पुढे ढकलायला बसवाल्यांनी लेखी अर्ज मागितला. तिने इंग्रजीत मसुदा केला होता, विद्यापीठाच्या थाटाचा. मी म्हटलं, गुजरातीत लिही आणि खाली येणाऱ्या मुलांच्या सह्या घे. तिने तसा लिहिला, इंग्रजी प्रत मागाहून जोडली.